तळ्याचं कडवं

सप्टेंबर संपत आला तेव्हा डोंगरातल्या यानारूमी गावात कुणाला काहीही विचारा, उत्तर एकच यायचं. निवडणूक होऊन जाऊ दे. छपराचे पत्रे कधी बदलणार? निवडणूक होऊन जाऊ दे. पोरीला नर्सिंगला पाठवायचं ठरलं का? होऊन जाऊ दे एकदा निवडणूक. दवाखान्यातल्या नर्सबाईला रात्रपाळीनंतर सकाळी झोपायचं होतं, पण कर्ण्याची गाडी नेमकी तिच्या खिडकीखाली वळायची. बाजारात सूप विकणाऱ्या निसेफोराला मतदानाच्या आदल्या शनिवारपासून लागणारी दारूबंदी कधी उठते याची घाई, कारण प्यालेलं गिऱ्हाईक दोन वाट्या जास्त घेतं. नवरा-बायको पाठीला पाठ लावून झोपत होते. एक कणीस चिन्हाचा, एक टोपी चिन्हाची. गावची कुत्रीसुद्धा फटाक्यांना भिऊन टेकडीवर जाऊन बसली होती आणि खाली यायला तयार नव्हती.

सेनोबियो कूरो मात्र या सगळ्यांहून जास्त आतुरतेनं त्या दिवसाची वाट बघत होता. त्याला काही मिळवायचं नव्हतं. त्याला आपला कोंपाद्रे परत हवा होता.

सेनोबियो हार्प वाजवायचा. होडीच्या पोटासारखी फुगलेली ती पेटी त्याच्या आजोबांच्या हातची. मिरवणुकीत तो ती उलटी करून खांद्यावर घ्यायचा आणि चालता चालता वाजवायचा. शेजारी तेओदोरो पोमाचं व्हायोलिन. आमच्या डोंगरात ही दोन वाद्यं एकमेकांशिवाय म्हणजे अर्धवट बोलणं. लग्न असो, गुरांच्या कानाला रंगीत लोकर बांधायचा सण असो, पाटाची साफसफाई असो, की कुणाची मयत असो, बोलावणं यायचं ते दोघांना मिळून. नावंही लोक एका दमात घ्यायचे, सेनोबियोतेओदोरो. परगावचे लोक तर तो एकच माणूस समजायचे.

सेनोबियोला मुलगी झाली तेव्हा चर्चमध्ये तिला हातावर धरलं तेओदोरोनं. त्या दिवसापासून दोघं कोंपाद्रे झाले. मुलीचा बाप आणि मुलीचा धर्मबाप, सख्ख्या भावापेक्षा जवळचं नातं. रोसाउरा शाळेत जाण्याइतकीही मोठी झाली नाही, तापानं गेली. पण पोर गेली म्हणून ते नातं जात नसतं.

आता निवडणूक. गावच्या महापौरपदाला दोघे उभे होते. कणीस चिन्हावर इंजिनियर रोलांदो आस्तेते. शहरात शिकून आलेला, पण आजीकडे वाढल्यामुळं आमची केचुआ भाषा बोलायचा ती अगदी आपल्यासारखी. टोपी चिन्हावर फाउस्तो वर्गास, मेंढरांचा व्यापारी. हा फाउस्तो म्हणजे तेओदोरोचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, आवेलिनाचा, थोरला भाऊ. त्यामुळं तेओदोरो टोपीकडून वाजवणार हे उघडच होतं. सेनोबियोला कणसाकडून बोलावणं आलं तेव्हा तो आधी तेओदोरोला विचारायला गेला.

"जा की," तेओदोरो म्हणाला. "दोघांकडनं जेवण येऊ दे. मी टोपीचं मटण खातो, तू कणसाचं खा. निवडणूक झाली की पोटं मोजू."

दोघं हसले. कुरापत तिथं नव्हतीच.

इंजिनियर एकदा दुपारी बायकोला घेऊन सेनोबियोच्या घरी आला. दोमितिलानं, सेनोबियोच्या बायकोनं, कुई, घरात पाळतात तो गिनीपिग, भाजली होती. खुर्ची पुढं केली तर इंजिनियर म्हणाला, "नको काकू," आणि चुलीपाशी मेंढीच्या कातड्यावर बसला. हातानं जेवला, बोटं चाटली. हार्पचं कौतुक केलं. मग म्हणाला, "काका, माझ्याकडं नकाशे आहेत, पण पाण्याचं खरं दुखणं नकाशात दिसत नाही. वरच्या तळ्यावरनं दोन वाड्या अजून एकमेकींकडं जात नाहीत. का? मला कुणी सांगत नाही. कळलं तर उपाय करता येईल."

सेनोबियोच्या घरी आजवर कुणी इंजिनियर मांडी घालून बसला नव्हता. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्यात त्यानं तोंड उघडलं.

मोठा दुष्काळ पडला होता त्या वर्षी सामायिक तळ्याचं पाणी वाटून घेतलं जात होतं. एका सकाळी तळं रिकामं. खालच्या वाडीचे बटाटे जागच्या जागी सुकले. खालच्या वाडीनं वरच्या वाडीवर आळ घेतला, डोकी फुटली, एक माणूस कायमचा लंगडा झाला. खरं म्हणजे तळ्याचं दार उघडलं होतं फाउस्तोच्या बापानं, म्हाताऱ्या सिप्रियानोनं, आपल्या एकट्याच्या शेतासाठी. हे त्याच्या घरच्यांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तेओदोरो त्या घरचा जावई. रोसाउराला पुरून आल्यावर, सेनोबियो दिवसचे दिवस बोलेनासा झाला होता तेव्हा, तेओदोरोनं त्याच्याजवळ बसून आपल्या मनावरचं हे ओझं सांगितलं होतं. दुःखातल्या माणसाला आपलंही काहीतरी जड द्यावं, म्हणजे त्याला एकटं वाटत नाही, अशा भावनेनं.

"हे इथंच ठेवा, साहेब," सेनोबियो म्हणाला. "हे माझं नाही. माझ्याकडं ठेवायला दिलेलं आहे."

इंजिनियरनं हार्पवर हात ठेवला. "ही गोष्ट या चुलीपाशीच राहील, काका."

प्रचाराच्या गाण्यासाठी इंजिनियरच्या माणसांनी सेनोबियोची चाल आधीच मोबाईलवर उतरवून नेली होती. वर शहरातल्या कुणा मुलीचा आवाज चढवला होता. कणसाला मत द्या, पाटाला पाणी द्या, असं काहीतरी साधंच. सेनोबियो दळणाच्या रांगेत उभा होता तेव्हा कर्ण्याची गाडी चढ चढत आली. चाल त्याची, हार्प त्याची, मुलीचा आवाजही तोच. कडवं मात्र नवीन होतं.

दुष्काळात दार कुणी उघडलं, तळ्याला विचारा,
टोपीखाली काय दडलं, बापाला विचारा.

दळणाच्या रांगेतले लोक आधी हसले. मग एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे सिप्रियानो होता होय?" आणि हसू थांबलं.

सेनोबियो पोतं तिथंच टाकून कणसाच्या कचेरीत गेला. इंजिनियर वाटायचे सदरे आणि प्लास्टिकच्या बादल्या मोजून घेत होता. सेनोबियोला बघून त्यानं कपाळावर हात मारला.

"मला आत्ता कळलं काका. प्रचारवाल्या पोरांचा आगाऊपणा. मी त्यांच्याशी सहज बोललो होतो, नाव न घेता. उद्या काढायला लावतो."

"उद्या कशाला? आत्ता थांबवा गाडी."

"आत्ता गाडी गावभर फिरतेय. उद्या. आणि निवडणूक होऊन जाऊ दे, मी स्वतः तुमच्या कोंपाद्रेकडं येतो. त्याच्या दारात उभा राहून सांगतो की चूक माझी. तुमच्यासमोर."

दुसऱ्या दिवशी कडवं वाजलं. तिसऱ्या दिवशीही. मग सेनोबियोनं विचारायचं सोडलं.

तेओदोरो आला तो पहिल्याच दिवशी, दुपारी. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. दोमितिला मक्याच्या दारूचा, चिचाचा, पेला घेऊन पुढं झाली, तिच्याकडं त्यानं बघितलं नाही.

"मी तुला ते कधी सांगितलं होतं, आठवतं का?"

"आठवतं, कोंपाद्रे."

"दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही मी. आवेलिनालासुद्धा माहीत नव्हतं की तुला माहीत होतं. आता माहीत झालं."

"मी एकट्यालाच सांगितलं. त्यानं हार्पवर हात ठेवला होता."

"मीही तुझ्या पोरीच्या कबरीची माती हाताला असताना सांगितलं होतं," तेओदोरो म्हणाला आणि गेला.

फाउस्तोच्या घरी हिशेब सरळ होता. गुपित घरातच होतं, बाहेर गेलं ते कणसाच्या हार्पवाल्याकडं, आणि हार्पवाल्याचा जिवलग कोण हे गावाला ठाऊक. सासूनं तेओदोरोच्या हातातला पेला काढून घेतला. टोपीच्या सभेत त्याच्या जागी दुसऱ्या गावचा व्हायोलिनवाला आणला. आवेलिना कपड्यांचं गाठोडं बांधून आईकडं गेली. लोकांनी मध्यस्थी करायचा प्रयत्न केला तर ती म्हणाली, "आता काही बोलू नका. निवडणूक होऊन जाऊ दे."

म्हणून सेनोबियो दिवस ढकलत होता. त्याच्या घराच्या भिंतीवर इंजिनियरच्या माणसांनी पुरुषभर उंचीचं पिवळं कणीस रंगवून ठेवलं होतं. दोमितिला रोज म्हणायची, चुना लाव त्याच्यावर. तो म्हणायचा, लावू, पण त्यानं शब्द दिलाय, तेवढा पाळू दे. आता जर मी भिंत पुसली तर तो म्हणेल, काका फिरले, मग मीही मोकळा.

"तो मोकळाच आहे," दोमितिला म्हणाली. "बांधलेला तू आहेस."

मतदान झालं. बोटांना शाई लागली, सोमवारी दारूबंदी उठली, निसेफोराचं पातेलं दुपारच्या आत रिकामं झालं. कणीस जिंकलं, थोडक्यात. कर्णे उतरवले गेले आणि यानारूमीत कित्येक आठवड्यांनी पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकू आला. लोक दारात उभे राहून नुसते ऐकत होते. कुत्री टेकडीवरून खाली आली. सेनोबियोनं हार्पच्या तारा पुसल्या, स्वच्छ शर्ट घातला आणि इंजिनियरची वाट बघत बसला. मंगळवार गेला, बुधवार गेला. रविवारी विजयाच्या जेवणाचं आमंत्रण आलं.

चौकात जमिनीत खड्डे करून, तापवलेल्या दगडांवर मांस, बटाटे, शेंगा रचून पाचामांका शिजत घातली होती. झाकणाची माती काढली तशी वाफ आणि वाकाताई नावाच्या रानपाल्याचा वास गावभर पसरला. शहरातून पितळी वाद्यांचा बँड आला होता, एकसारख्या कोटातला. सेनोबियो हार्प खांद्यावर घेऊन आला तेव्हा एका माणसानं त्याला हार्प भिंतीशी टेकवून ठेवायला सांगितलं. आज तुम्ही पाहुणे, काका, आज खा नुसतं.

मुख्य टेबलाशी इंजिनियर बसला होता. त्याच्या उजव्या हाताला फाउस्तो वर्गास.

आधी सेनोबियोला वाटलं आपली नजर फसतेय. पण फाउस्तोच होता. गळ्यात कणसाच्या लोकांनी घातलेली कागदी फुलांची माळ, ओठ चरबीनं चकाकत होते. इंजिनियर त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं बटाटा ठेवत होता. टेबलाशी कुजबूज चालली होती ती सेनोबियोच्या कानावर आली. पाण्याच्या समितीचा अध्यक्ष फाउस्तो होणार. तळ्यासकट.

सेनोबियो टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"या काका, या," इंजिनियर म्हणाला. "फाउस्तो, आपल्या विजयाचे खरे मानकरी."

"तेओदोरोकडं कधी जायचं, साहेब?"

"कुणाकडं? अच्छा." इंजिनियरनं रुमालानं बोटं पुसली. "काका, आता ते कशाला उकरता? ज्याला लागायचं त्याला लागलं, आणि तो बघा माझ्या शेजारी जेवतोय. मिटलं सगळं."

"कडवं छान होतं पण," फाउस्तो म्हणाला. "माझी नातवंडंसुद्धा गुणगुणत होती. मी दोन थोबाडीत दिल्या, तरी गुणगुणत होती." टेबलाभोवतीचे सगळे हसले.

"मग तेओदोरोला घरात घ्या," सेनोबियो म्हणाला. "आवेलिनाला पाठवा त्याच्याकडं."

फाउस्तोचं हसू मावळलं. "तो वेगळा विषय आहे, काका. हा परका. यानं मला मारलं, मी याला मारलं, निवडणुकीत चालतं. घरचा भेदी चालत नाही. तुम्हीसुद्धा तुमच्या घरात चालवून घेणार नाही."

मग सेनोबियोनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तो वाजवणारा माणूस, चारचौघांत बोलणारा नव्हे. पण तो चौकाकडं वळला आणि मोठ्यानं बोलू लागला.

"ऐका जरा. तेओदोरो पोमानं कणसाला काहीही विकलेलं नाही. त्यानं मला सांगितलं होतं, माझी पोर गेली तेव्हा, मित्र म्हणून. भेदी मी आहे. मी या माणसाला सांगितलं, माझ्या चुलीपाशी. यानं हार्पवर हात ठेवून..."

इंजिनियरनं डोकं न वळवता बँडकडं बोट केलं. तुताऱ्या एकदम सुटल्या, ढोल पडला. सेनोबियोचे ओठ हलत होते, पण त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. जवळच्या बाकावरचे काही लोक त्याच्याकडं बघत होते, बाकीचे ताटाकडं. कुणीतरी त्याच्या हातात मांसाचं ताट दिलं. ते त्यानं बाकावर ठेवलं, हार्प उचलली आणि निघाला.

तो घरी गेला नाही, थेट तेओदोरोकडं गेला. तेओदोरो अंगणात बियाण्याचे बटाटे निवडत होता. एकट्या पुरुषाच्या घराला येते तशी कळा अंगणाला आली होती. कोंबड्या घरात शिरत होत्या, हाकलणारं कुणी नव्हतं.

सेनोबियोनं सगळं सांगितलं. चौक, टेबल, फाउस्तोच्या गळ्यातली माळ, समिती. शेवटी बँड.

तेओदोरो ऐकत होता, बटाटे निवडत होता.

"दोघांनी केसानं गळा कापला, कोंपाद्रे," सेनोबियो म्हणाला.

"तुझा," तेओदोरो म्हणाला. "माझा त्यांनी नाही कापला. इंजिनियरला मी ओळखत नाही. फाउस्तो मला पहिल्यापासून पाण्यात बघतो. त्या दोघांकडनं मी कधी काही मागितलं नव्हतं." त्यानं एक कुजका बटाटा बाजूला फेकला. "त्यांच्यावर राग धरायला मला जमतच नाही. बसून बघितलं मी, जमलं नाही."

 सेनोबियोनं चघळायच्या कोकाच्या पानांची पिशवी आणली होती, ती पुढं केली. आमच्यात समोर केलेली पानं नाकारत नाहीत. तेओदोरोनं हात पुढं केला नाही. पिशवी थोडा वेळ हवेत राहिली, मग सेनोबियोनं ती परत खिशात घातली.

त्याच संध्याकाळी त्यानं भिंतीला चुना लावला. पिवळा रंग चुन्यातून दिसत राहिला. दोमितिलानं बादली काढून घेतली आणि दुसरा हात मारला.

नोव्हेंबर उजाडला. मृतांच्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत असतं. कबरींवर पावाच्या बाहुल्या, फुलं, चिचाचे पेले, आणि ज्याला जमेल त्याचं वाजवणं. रोसाउराच्या कबरीवर दरसाल धर्मबाप व्हायोलिन वाजवायचा आणि बाप हार्प. या वर्षी सेनोबियो एकटाच हार्प घेऊन गेला. दोमितिलानं पावाची बाहुली ठेवली, बाहुलीचं तोंड लाल साखरेनं रंगवलेलं. सेनोबियो तारा लावत बसला. लावून झाल्या तरी लावतच बसला.

तेओदोरो आला. त्यानं टोपी काढली, कबरीला वाकून नमस्कार केला, दोमितिलाला मान हलवली आणि व्हायोलिन खांद्याला लावलं. सूर जुळवायला एक तार छेडली. सेनोबियोनं त्याला तोच सूर दिला. मग ते वाजवू लागले. आसपासच्या कबरींवरचे लोक बोलायचे थांबले. निसेफोरा पुढं सांगायची की इतकं चांगलं त्या दोघांचं तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकताना अंगावर काटा आला, कारण दोघं एकदाही एकमेकांकडं बघत नव्हते.

वाजवून झाल्यावर सेनोबियो म्हणाला, "कोंपाद्रे."

"मी तिच्याकडं आलो होतो," तेओदोरो म्हणाला. दोमितिलानं दिलेला पेला त्यानं घेतला, पहिला घोट मातीवर ओतला, उरलेला प्याला आणि फाटकाकडं चालू लागला.

जानेवारीत इंजिनियरनं महापौराचा पट्टा छातीवर बांधून शपथ घेतली. तिथंही हार्पऐवजी बँडच होता. वरच्या तळ्याला नवं लोखंडी दार बसलं आणि त्याची किल्ली फाउस्तोच्या कमरेला गेली. गरज सरो वैद्य मरो, असं लोक सेनोबियोला म्हणायचे. काही कळवळ्यानं, काही टोमणा म्हणून. तो ऐकून घ्यायचा. लग्नांची बोलावणी त्याला यायची, तेओदोरोलाही यायची, वेगवेगळी. सेनोबियोनं पलीकडच्या खोऱ्यातला एक व्हायोलिनवाला सोबत घेऊन बघितला. वाजवायचा बरा. फक्त ताल चुकायचा नाही कधी, आणि त्या न चुकण्याचीच सेनोबियोला सवय नव्हती.

कार्निव्हलच्या सणाच्या सुमारास निसेफोरानं बातमी आणली. आवेलिना नवऱ्याकडं परत आली होती. भावानं अडवलं तर त्याला म्हणाली की तू त्या कणसाच्या मांडीला मांडी लावून बसलास, मी माझ्या नवऱ्याच्या चुलीशी बसते. आईचं घर सोडून भरदिवसा गाठोडं डोक्यावर घेऊन आली. एकच अट घातली तिनं तेओदोरोला. सेनोबियोचं तोंड पुन्हा या घराला दिसायचं नाही.

"काय म्हणाला तो?" दोमितिलानं विचारलं.

"हो म्हणाला," निसेफोरा म्हणाली.

सेनोबियोनं सूपाची वाटी खाली ठेवली. "बरं झालं, आली ती," तो म्हणाला. "त्याला स्वयंपाक येत नाही." मग वाटी उचलून उरलेलं सूप प्याला.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी तो चौकातून न जाता पाटाच्या कडेच्या वाटेनं जायला लागला. वाट लांबची, आणि हार्प खांद्यावर असली की निसरडीही. दोमितिला एकदा चिडून म्हणाली, रस्ता काय आवेलिनाच्या बापाचा आहे? तो म्हणाला, नाही, पण ती दोघं चौकाच्या वाटेनं येतात, गप्पा मारत येतात. मला बघितलं की गप्पा थांबतील.